टोळी आली का?

पाचवीतला पुण्याचा भाचा नाताळच्या सुट्टीत निमगाव केतकीला आमच्याकडे आला, तो समूहदर्शक शब्दांची वही घेऊनच. केळ्यांचा घड, भाकऱ्यांची चवड, मडक्यांची उतरंड, चोरांची टोळी... घोकंपट्टी ऐन रंगात असताना अण्णा अंगणातून फोनवर ओरडले, "आली का टोळी? कवाची वाट बघतोय!"

भाच्यानं मुकाट्यानं उठून दाराला कडी घातली.

त्याचा काय दोष? इंदापूर-बारामतीकडं उसाला तुरे फुटले की माणूस पाव्हण्यांपेक्षा टोळीची वाट बघतो, हे त्याच्या वहीत नव्हतं. ऊसतोडीची टोळी बीडकडनं आली, म्हणून मी त्याला शेतावर नेलं. त्यानं विचारलं, "किती माणसं आहेत?" अण्णा म्हणाले, "दहा कोयते." भाच्यानं मोजली, तर वीस भरली. मग नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, हे गणित त्याला समजावलं. अपूर्णांक पाचवीला आहेतच.

इंग्रजांना अशा समूहदर्शक शब्दांचा भारी शौक. 1486 साली छापलेल्या 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स'मध्ये शिकारीच्या पशुपक्ष्यांबरोबर माणसांचेही कळप नोंदवलेत. त्यात बायकांच्या घोळक्याला चक्क 'अधीरता' म्हटलंय. हे मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं नाही. आपल्याकडं उलटीच तऱ्हा. 'आमची मंडळी माहेरी गेलीत' असं जुना माणूस म्हणतो, तेव्हा एस.टी.चं एकच तिकीट फाटलेलं असतं. शेतावर दोघं मिळून एक कोयता, इकडं एकटी बायको म्हणजे अख्खी मंडळी!

वहीत पुढं होतं, विद्यार्थ्यांचा गट. म्हटलं, बाळा, हा शब्द बारामतीत जपून वापर. जमिनीचा गट, बचत गट की राजकारणातला तिसराच, हे समोरच्याला आधी सांगावं. 2023पासून तर जरा हळू आवाजात. आणि मेंढ्यांचा कळप? आषाढीच्या वाटेवर काटेवाडीला तुकोबांच्या पालखीच्या रथाभोवती मेंढ्या रिंगण धरून पळतात, तेव्हा त्यांना कळप म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. दिंडीत घातल्या तर कुणाची हरकत असेल?

एवढ्यात भाचा बांधावर थबकला. पाचटावर फाटकं पटकूर अंथरून त्यावर एक तान्हं पोर झोपवलेलं. त्यानं बोटांवर हिशेब केला आणि मोळी बांधणाऱ्या आईला विचारलं, "मावशी, हा पाव कोयता का?"

ती कंबर सरळ करत हसली.

"हे व्हय? हे तर मुकादम हाय आमचं. रडलं की समदी टोळी पळती!"