फाइल हातात ठेवा

घरात जुना पीएसपी पडलाय का? किंवा बाजारात मिळायचा तसला ‘चायना पीएसपी’? निदान बटणांचा नोकिया? यातलं काही असेल तर ते भंगारवाल्याला देऊ नका. आधी त्यातलं कार्ड बाहेर काढा.

सोनीचा पीएसपी 12 डिसेंबर 2004 रोजी जपानात विक्रीला आला. हातात धरून खेळायचा गेम, 4.3 इंचांचा पडदा, 480 बाय 272 ठिपके. खेळ विकत घ्यावे लागायचे, पण व्हिडिओ आपले आपण भरता यायचे. केबल लावायची, मेनूत ‘यूएसबी कनेक्शन’ निवडायचं, की त्याचं कार्ड कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हसारखं उघडायचं. सुरुवातीच्या सॉफ्टवेअरचा हट्ट मात्र विचित्र होता. व्हिडिओ ‘एमपी रूट’ याच फोल्डरात हवा, त्याच्या आत पुन्हा ठरलेल्या नावाचं फोल्डर हवं आणि फाइलचं नाव ‘एम4व्ही’ व पुढे पाच आकडे असंच हवं. एक अक्षर चुकलं की फाइल कार्डावर असूनही पडद्यावर दिसायची नाही. पुढे सोनीने हे सैल केलं. साधं ‘व्हिडिओ’ फोल्डर पुरू लागलं.

कार्डावर टाकण्याआधी कन्व्हर्ट करण्याचं काम. मोठा व्हिडिओ तसाच टाकला तर यंत्र तो वाचायचंच नाही. चित्र 480 बाय 272 वर आणायचं, आवाज दाबायचा आणि सेकंदाला किती माहिती खर्च करायची ते ठरवायचं. चित्राला 768 किलोबिट आणि आवाजाला 128 किलोबिट धरले तर तासाला सुमारे 400 एमबी लागतात. म्हणजे अडीच तासांचा सिनेमा साधारण एक जीबीत बसतो आणि 2 जीबीच्या कार्डावर दोन सिनेमे मावतात. हा हिशोब शाळेतली पोरं तोंडी करायची. कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसलेलं हे गणित त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गरज होती, म्हणून आलं.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात पीएसपी फार थोड्या घरांत आला. पण हे काम गावोगाव पोचलं, ते मोबाईलच्या दुकानांमुळे. अकोले, राजूर, पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कुठल्याही स्टँडसमोर काचेवर पाटी असायची: ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’. आत कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा मान वर न करता विचारायचा, “सेट कोणता?” मॉडेल ऐकलं की त्याला पुढचं कळायचं. साध्या सेटला 176 बाय 144 चं 3जीपी, थोडा बरा असेल तर 320 बाय 240 चं एमपी4, आणि चायनाच्या स्वस्त प्लेअरला एएमव्ही. हे एएमव्ही म्हणजे एव्हीआयचंच चिनी रूप. बारीकशा चिपला पेलावं म्हणून चित्र अगदी लहान केलेलं. त्या पोरांपैकी कितीतरी जणांच्या हाताला पदवीधर इंजिनिअरला लाजवेल असं ज्ञान होतं. गावाने त्यांना ‘गाणी भरणारा’ एवढंच म्हटलं. आम्ही त्यांना कारागीर म्हणतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. परवा लागलेला सिनेमा आज कार्डावर घालून पैसे घेणं ही चोरीच होती. तमाशाच्या फडाची रेकॉर्डिंग अशी वाटली गेली, तेव्हा नुकसान कुठल्या बड्या कंपनीचं झालं नाही. रात्रभर उभं राहून घाम गाळणाऱ्या कलावंतांचं झालं. त्या धंद्याचं समर्थन करणार नाही. पण चोरी वेगळी आणि आपल्या लग्नाची, आपल्या जत्रेची, आपल्या गावच्या सप्त्याची फाइल आपल्या यंत्रावर नेणं वेगळं. चोरीच्या नावाखाली हे दुसरंही बंद होत चाललं आहे. आजचा राग त्यावर आहे.

कसं, ते पाहा. 2004 सालचा पीएसपी आपला व्हिडिओ मुकाट चालवायचा. त्याच सोनीचा पुढचा गेम, व्हिटा, डिसेंबर 2011 मध्ये आला, तो स्वतःचंच महागडं कार्ड घेऊन. केबल लावली तरी ते कार्ड कॉम्प्युटरवर उघडेना. फाइल न्यायची तर सोनीच्याच सॉफ्टवेअरच्या दारातून. 2017 मध्ये निन्टेंडोचा स्विच आला. पडदा मोठा, ताकद कितीतरी जास्त, कार्ड साधं बाजारात मिळणारं. पण आपल्या लग्नाचा व्हिडिओ त्या कार्डावर घालून बघायची सोयच ठेवली नाही. तेरा वर्षांत यंत्र हुशार झालं आणि मालकाचा हक्क कमी झाला. ही प्रगती नाही. ग्राहकाच्या हातातली चावी काढून घेणं आहे, आणि ती आम्ही विनातक्रार काढू दिली.

मोबाईलचंही तेच. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि काचेवरच्या पाट्या उतरल्या. कार्ड कशाला भरायचं, लावलं की दिसतं. गावात तरी फाइली शेअरइट आणि झेंडरने या फोनवरून त्या फोनवर जात होत्या. 29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 चिनी अ‍ॅपवर बंदी आली, त्यात ही दोन्ही गेली. बंदीची चर्चा टिकटॉकवर झाली. गावाचं फाइल देण्याघेण्याचं साधन गेलं, त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. आता अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ दाबलं की व्हिडिओ आपला झाला असं वाटतं. तो आपला होत नाही. तो अ‍ॅपच्या पोटात राहतो, ठरावीक दिवसांत पुन्हा नेटला जोडलं नाही तर उघडत नाही, आणि शेजारच्या फोनवर देता येत नाही.

“आता नेट सगळीकडे आहे,” असं म्हणणाऱ्यांनी घाटघर, साम्रद, रतनवाडीकडे एक चक्कर मारावी. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वात मोठा जिल्हा आपला, 17,048 चौरस किलोमीटर. त्याच्या एका टोकाला 1,646 मीटरचं कळसूबाई आहे. डोंगराच्या घळीत बसलेल्या वाडीला टॉवर दिसत नाही. तिथे व्हिडिओ पोचतो तो राजूरच्या बाजारातून खिशात आलेल्या कार्डावरच.

दुसरं टोक पाथर्डीचं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, भांडीकुंडी ट्रॅक्टरवर चढतात आणि पाच-सहा महिन्यांचा संसार कारखान्याच्या कडेच्या कोपीत. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्याच प्रवरानगरला उभा राहिला, 1950 मध्ये त्याचं गाळप सुरू झालं, याचा जिल्ह्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण कोपीत वाढणाऱ्या मुलांचं काय? मागे राहिलेल्यांना हंगामी वसतिगृह मिळालं तर मिळालं, बरोबर गेलेल्यांना साखरशाळा सापडली तर सापडली. त्या पोरांच्या हाती संध्याकाळी पडतो तो आईचा किंवा बापाचा फोन, तोही चार्जिंग उरलं असेल आणि रिचार्ज संपला नसेल तर. पूर्वी टोळी निघण्याआधी कार्ड भरून घ्यायची रीत होती. गाणी असायची, सिनेमे असायचे. त्याच कार्डावर चौथीचे गणिताचे धडे का नसावेत? 320 बाय 240 च्या चित्रात फळ्यावरचा मोठा आकडा स्वच्छ दिसतो. एका कार्डावर वर्षाचा अभ्यास मावेल. त्याला ना टॉवर लागतो ना रिचार्ज. जिल्हा परिषदेच्या शाळांना टॅब देताना फक्त अ‍ॅपची लिंक देऊ नका. धडे फाइल म्हणून आत भरून द्या आणि त्याच फाइली पालकांच्या कार्डावर उतरवायची परवानगी गुरुजींना द्या. हे काम कोट्यवधींचं नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठालाही हेच सांगणं: शेतकऱ्यांसाठी केलेले व्हिडिओ यूट्यूबवर ठेवता ते चांगलंच, पण मेळाव्यात पेनड्राइव्हवरही द्या.

आता घरातल्या कार्डाकडे वळू. इंदोरीकर महाराजांची कीर्तनं यूट्यूब गावात रुजायच्या आधी अशाच बारक्या 3जीपी फाइलींतून वाडीवस्तीवर फिरली. तमाशा कलावंत कांताबाई सातारकर 2021 मध्ये संगमनेरात वारल्या. त्यांच्या फडाचा एखादा वग कुणी मढीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या जत्रेत मोबाईलवर धरला असेल, तर तो आज कुठल्या तरी फुटक्या फोनच्या कार्डात असेल. तुमच्या आजीचा आवाज, पाण्याखाली गेलेल्या शेताचं चित्र, पाडलेला वाडा, हेही तिथेच असेल. ही कार्डं अमर नाहीत. फ्लॅश मेमरीत माहिती विजेच्या सूक्ष्म भारात साठते. वर्षानुवर्षं वीज न लागता पडून राहिली की तो भार गळतो आणि फाइली खराब होतात.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. पीएसपीची बॅटरी फुगली असेल तर ती काढा. चार्जर जोडून तो बॅटरीविना चालतो. त्याला जुनी मिनी यूएसबी केबल लागते, हल्लीची टाइप-सी नाही. सोनीच्या त्या कार्डाचे रीडर आता सहज मिळत नाहीत, पण पीएसपी स्वतःच रीडरचं काम करतो. जे सापडेल ते आधी जसंच्या तसं हार्डडिस्कवर उतरवा. फाइलचं नाव बदलू नका, आणि कार्डावरचं काही पुसू नका. कॉम्प्युटर ‘फॉरमॅट करायचं का’ विचारेल, तिथे नाही म्हणा. 3जीपी आणि एएमव्ही दोन्ही व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये उघडतात. बघण्यासाठी कन्व्हर्ट खुशाल करा, हँडब्रेक किंवा एफएफएमपेग वापरा, तेही फुकट आहेत. पण मूळ फाइल ठेवा. एकदा 480 बाय 272 वर आणलेल्या चित्रातले गेलेले ठिपके कुठलंही सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने परत आणत नाही. आणि उतरवलेल्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा, भावाकडे, बहिणीकडे, कुठेही.

स्टँडसमोरच्या दुकानदारांना एक विनंती. ती जुनी पाटी पुन्हा लावा, दोन शब्द बदलून: ‘जुनं कार्ड उतरवून मिळेल’. काम येत असलेली पोरं अजून तुमच्याच गावात आहेत. रास्त पैसे घ्या, चोरीचा सिनेमा घालू नका, आणि गिऱ्हाईक बोललं नाही तरी त्याच्या फाइलींची एक प्रत त्याच्याच हातात द्या.