कोटेशनकाका

पिंपरी-आकुर्डीच्या कंपन्यांनी सांगवीला दोन गोष्टी दिल्या: पगारातून एकेक मजला चढवलेली घरं आणि त्या घरांत राहणारे कोटेशनकाका. पर्चेसमध्ये हयात घालवलेला हा माणूस गेटपास जमा करून घरी येतो, पण तीन कोटेशनांशिवाय काही घ्यायचं नाही हा नेम सोबत घेऊन येतो. मेथीची जुडी दोन रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून स्कूटरवरून पूल ओलांडून औंधला जाणार. पेट्रोल? ते वेगळ्या खात्यात.

आमच्या गल्लीतल्या काकांची खरी उंची कळली ती कॅसेटमुळे. 1992 साली थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याचं शूटिंग व्हीएचएसवर होतं. हॅलोजनच्या झोतात डोळे मिचकावणारी वऱ्हाडी मंडळी, बदामाच्या आकारात फिरणारी नवरी, आणि जिलबी तोंडात असतानाच नेमकी टिपलेली आत्याबाई. बऱ्याच वर्षांनी हे सगळं डिस्कवर घ्यायचं ठरलं. बाजारात तेव्हा डीव्हीडी रेकॉर्डर नवे होते. पिवळी, लाल, पांढरी वायर व्हीसीआरला जोडायची, इकडे कॅसेट चालू, तिकडे रेकॉर्डिंग चालू, एवढंच काम.

पण काकांनी फुलस्केपवर कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट आखलं. डिस्क प्लस की मायनस? हार्ड डिस्कवाला की साधा? शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात ‘दुकानदार उद्धट’, ‘चहा विचारला नाही’ अशा तांत्रिक नोंदी. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापाशी, काका लांबून दिसले तरी दुकानातला पोऱ्या म्हणायचा, “शेठ जेवायला गेलेत.” सकाळी साडेदहालाही शेठ जेवायलाच.

मग खरा पेच उभा राहिला. कॅसेट ई-180, म्हणजे तीन तासांची. 4.7 जीबीच्या डिस्कवर चांगलं चित्र दोनच तास मावतं. चार तास बसवले तर चेहरे धुरकटतात.

“म्हणजे व्याह्यांची पंगत दुसऱ्या डिस्कवर जाणार,” काका गंभीरपणे म्हणाले. “मानपानाचं काय?”

“अहो, आणा एकदाचा कुठलाही,” काकू म्हणाल्या. “त्यांना पंगत आठवत नसेल, मला मात्र ही चौकशी जन्मभर आठवेल.”

खरं तर काकूंचं बरोबर होतं. व्हीएचएसच्या चित्रात मुळातच तपशील कमी. त्याची नक्कल करायला सर्वांत भारी यंत्र शोधणं म्हणजे शिळ्या पोळीला केशर लावणं. सांभाळायची होती ती कॅसेट. सांगवीच्या नदीकाठच्या दमट हवेत, गोदरेजच्या कपाटाच्या तळाशी, टेपच्या कडेवर पांढरी बुरशी धरत होती. अशी टेप साफ न करता चालवली तर बुरशी व्हीसीआरच्या हेडलाही लागते.

अखेर मॉडेल पक्कं झालं. रेकॉर्डरला टीव्हीखाली जागा हवी म्हणून काकांनी जुना व्हीसीआर आधीच भंगारवाल्याला घातला, अर्थात तिघांचे भाव घेऊन. नंतर दुकानात गेले, तर डीव्हीडी रेकॉर्डर मागवणंच बंद झालेलं. पुढे जुलै 2016 मध्ये जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. शेवटची तीच उरली होती. आता कॅसेट संगणकात घ्यायचं छोटं यंत्र कुठंही मिळतं, पण कॅसेट वाजवणार कशावर?

त्या बदामातल्या नवरीला आता सून आली आहे. काका दर रविवारी आणि बुधवारी पुण्यात जुन्या बाजारात व्हीसीआर शोधतात. परवा एक चालू स्थितीतला सापडलाही, पण एकच भाव हाती होता, म्हणून घेतला नाही.

तेव्हा सांगवी, पिंपळे गुरव, दापोडीत कुणाच्या माळ्यावर चालू व्हीसीआर असेल, तर कृपया कळवा. आणखी दोघांनी कळवलंत, तर काम होईल.