मालट्रकसाहेबांना कुडपणहून पत्र

रा. रा. मालवाहू ट्रक यांस,
मुक्काम : मुंबई-गोवा महामार्ग आणि त्याला फुटलेले यच्चयावत घाट

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले उपकार फार झाले. आमच्या कुडपण गावाला सिमेंट आपण आणता, पत्रे आपण आणता, लग्नातली भांडी आणि मंडपाचे बांबूही आपणच. भीमाची काठी (आमच्याकडचा सुळका) तेवढी आधीपासून डोंगरात उभी होती. नाहीतर तीही पोलादपूरहून आपल्याच हौद्यातून वर चढली असती.

आपल्या भाऊबंदांपैकी टँकर मंडळींविषयी मला विशेष आदर आहे. पाठीवर नारिंगी पाटी, तिच्यावर चार आकडे. 1075 म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, 1203 पेट्रोल, 1230 मिथेनॉल, 1830 गंधकाचं आम्ल. महाडला रसायनांचे कारखाने, त्यामुळे हे पाहुणे आमच्या वाटेवर नेहमीचे. पण टँकर कलंडला की पाटी वाचतो कोण? आम्ही आधी रिकामा कॅन शोधतो. पाकिस्तानात बहावलपूरजवळ जून 2017 मध्ये असाच पेट्रोलचा टँकर उलटला. फुकटचं तेल भरायला गाव लोटलं, मग भडका उडाला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. हावरेपणानंच माणसं मरतात, असं म्हणायची सोय मात्र खंडाळ्यानं ठेवली नाही. 13 जून 2023 ला तिथं द्रुतगती मार्गावरच्या पुलावर टँकर पेटला आणि जळतं मिथेनॉल पुलाखालच्या रस्त्यावर सांडलं. चौघे मेले. खालून जाणाऱ्यांच्या हातात कॅन नव्हता. ते आपले घरी निघाले होते. मिथेनॉलला धूर जवळजवळ नसतो, भर उन्हात त्याची ज्योतही धड दिसत नाही. म्हणजे पळायचं कुठून, हेसुद्धा कळत नाही.

तरी टँकरची काळजी घेणारं कुणीतरी आहे. अर्धवट भरलेल्या टाकीतलं द्रव वळणावर एका अंगाला धावतं आणि गाडीला घेऊन पडतं. उतारावर ब्रेक लावला की तेच पुढं आदळतं. ही पुढची धडक मोडायला टाकीच्या पोटात भोकं पाडलेले आडवे पत्रे बसवतात. आता आपल्या हौद्यात वऱ्हाड कसं उभं असतं, ते आठवा. म्हाताऱ्या खाली बसकण मारून, पोरं फाळक्यावर, बाप्ये वरचा दोर धरून. डावं वळण आलं की सगळे उजवीकडे, उजवं आलं की डावीकडे, आणि दर वळणाला हशा. ब्रेक लागला की सगळे पुढं; आमच्यात आडवा पत्रा नसतो. असते ती फक्त करवली, आहेराचं पातेलं कवटाळून बसलेली.

8 जानेवारी 2021 ला कुडपणच्या लग्नाचं वऱ्हाड परतत होतं. गाडी दरीत गेली. त्या संध्याकाळी सांडला तो माल आम्हीच होतो. हे वाक्य मी थट्टेनं लिहायला घेतलं होतं. जमलं नाही.

म्हणून कायदा उघडून पाहिला. मालवाहू गाडीत माणसं भरायला मनाई आहे, हे आम्हाला ठाऊक होतं आणि आपल्यालाही. पुढचं मात्र नवीन होतं. 2002 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की मालवाहू गाडीतून फुकट जाणाऱ्या प्रवाशाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. मालाबरोबर जाणारा मालक किंवा त्यानं नेमलेला माणूस असेल, तर विम्याचं छत्र आहे. म्हणजे एका फणसाचा धनी म्हणून चढलो तर मी माणूस; नवऱ्या मुलाचा मामा म्हणून चढलो तर कुणीच नाही. पुढच्या लग्नाला दारातला फणस काखेत मारूनच निघावं म्हणतो. पावती कुणाकडून घ्यायची, तेवढं कळवावं.

आपल्याला दोष द्यायचा नाही. आपल्या अंगावर वजनाचे आकडे रंगवलेलेच असतात. त्यात ‘वऱ्हाड’ असा शब्द कुठेही नाही. चढलो आम्ही. बस महाग पडते म्हणून चढलो, घाटात गाडीचा पत्ता नसतो म्हणून चढलो, आणि सगळे एकत्र जायला मजा येते म्हणूनही चढलो. हे तिसरं कारण आम्ही पंचनाम्यात सांगत नाही.

तेव्हा एवढी विनंती. पुढच्या वेळी मी दोर धरून फाळक्यावर पाय टाकायला लागलो, तर चालू होऊ नका. बॅटरी उतरलीय म्हणा, डिझेल संपलंय म्हणा.

आपला,
आजवर बऱ्याच वऱ्हाडांत हौद्यात उभा राहिलेला
एक कुडपणकर

ता. क. : लग्नासाठी एसटी मिळते. तिला ‘प्रासंगिक करार’ म्हणतात, चौकशी आगारात करायची. तारीख ठरली की मंडपवाल्याच्याही आधी तिकडे जा. गाडी येईल तिथवर तिनं जा आणि पुढचा चढ चालत चढा.