छत्तीस गुणी टाइट एंड

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेत घरोघरी एक फुटबॉलतज्ज्ञ जन्माला येतो. फँटसीचा, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडायचा, ड्राफ्ट तोंडावर असतो आणि यंदाचा नवा टाइट एंड काय चीज आहे, हे फक्त यालाच उमगलेलं असतं. उंची सहा फूट सहा इंच, वजन २४५ पौंड, चाळीस यार्ड ४.४४ सेकंदांत. पत्रिका जुळली, आता फक्त मुहूर्त धरायचा!

ही पत्रिका काइल पिट्सची. २०२१ च्या खऱ्या ड्राफ्टमध्ये अटलांटा फाल्कन्सने त्याला चौथ्या क्रमांकावर उचललं. इतक्या वरच्या क्रमांकावर तोवर एकही टाइट एंड गेला नव्हता. पोराने पहिल्याच हंगामात नाव काढलं : ६८ झेल, १,०२६ यार्ड. आणि टचडाउन? एक. तेही अटलांटात नव्हे, थेट लंडनमध्ये.

मुळात टाइट एंड हा दोन नोकऱ्या करणारा माणूस. एका चालीत धिप्पाड बचावपटूंना रेटायचं, दुसरीत त्यांच्याच मधून निसटून चेंडू झेलायचा. फँटसीच्या हिशेबात दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा, बऱ्याच लीगमध्ये झेलाला एक. रेटारेटीला भोपळा. याने वाट मोकळी केली आणि चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक साठ यार्ड गेला, तर सगळे गुण पळणाऱ्याचे. म्हणून ‘उत्तम ब्लॉकर’ हा शेरा वाचून प्रशिक्षक सुखावतो आणि फँटसीवाला नाक मुरडतो.

दोन्ही कामं शिकायला वेळ लागतो, पण तज्ज्ञांना तेवढी सवड कुठली? टी. जे. हॉकन्सन २०१९ मध्ये डेट्रॉइटकडून पहिल्याच सामन्यात १३१ यार्ड आणि एक टचडाउन करून गेला. झालं, वाजंत्री सुरू! हंगामाअखेर बेरीज निघाली ३६७ यार्ड. एक-तृतीयांशाहून अधिक कमाई पहिल्याच दुपारी उरकलेली. उलट ट्रॅव्हिस केल्सीने २०१३ च्या पहिल्या हंगामात गुडघा धरला आणि एकही झेल घेतला नाही. पुढे तो केवढा मोठा टाइट एंड झाला, ते जगाने पाहिलं.

मग गुण येतात कुठून? डेट्रॉइटने २०२२ मध्ये हॉकन्सनला मिनेसोटाकडे धाडलं आणि जागा रिकामी झाली. पुढच्या वर्षी तिथे आला सॅम लापोर्टा, ड्राफ्टमधला क्रमांक ३४. ८६ झेल, १० टचडाउन! २०२४ मध्ये लास वेगास रेडर्सच्या ब्रॉक बॉवर्सने ११२ झेल आणि १,१९४ यार्ड करून माइक डिटकाचा १९६१ पासूनचा नवख्या टाइट एंडचा यार्डांचा विक्रम मोडला. बॉवर्स गुणी आहेच; पण संघाचा रिसीव्हर दावांते अ‍ॅडम्स हंगामाच्या मध्यातच संघ सोडून गेला होता आणि रेडर्स सतरापैकी तेरा सामने हरले. पिछाडीवरचा संघ चेंडू फेकतच राहतो आणि फेकायला हक्काची माणसं उरली होती मोजकीच.

क्रिकेटच्या फँटसीत हात पोळलेल्यांना हे शास्त्र नवं नाही. आठव्या क्रमांकावर येणाऱ्या फलंदाजाचं तंत्र कितीही देखणं असलं, तरी त्याच्या वाट्याला चेंडू किती येणार?

तेव्हा ड्राफ्टला बसाल, तर पोराच्या हाताची लांबी मोजत बसू नका. चेंडू कोण फेकतो आणि झेलायला आणखी कोण कोण उभं आहे, एवढं बघा. तिथे गर्दी असेल, तर नवखा टाइट एंड शेवटच्या फेरीतच घ्या.