अननस बघण्याचा कार्यक्रम

रविवारी सकाळी फळांच्या हातगाडीशी अननस बघण्याचा कार्यक्रम रंगतो. एक गृहस्थ पुढे सरसावतात, अननस उचलतात, टिचकी मारतात आणि कान देऊन ऐकतात. आतून काय ऐकू येतं, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. मग शेंड्याचं मधलं पान उपटायचं. निघालं तर पिकलेला, नाहीतर कच्चा. पान हमखास निघतं, कारण आधीच्या चार गिऱ्हाइकांनी तेच ओढून सैल केलेलं असतं.

"गोड आहे ना?" हा शेवटचा प्रश्न. यावर "नाही साहेब, आंबट आहे" म्हणणारा फळवाला अजून जन्माला यायचा आहे.

खरं म्हणजे निकाल केव्हाच लागलेला असतो. कच्च्या केळ्यात किंवा आंब्यात स्टार्चचा साठा असतो, पिकताना त्याची साखर होते. म्हणून आढी घालता येते. अननसाकडे तशी पुंजीच नसते. साखर मिळायची ती झाडावर असताना पानांकडून; एकदा तोडला की पुरवठा बंद. "दोन दिवस ठेवा, गोड होईल" हा सल्ला ऐकून लोक तो तांदळाच्या डब्यात पुरतात. अननस पिवळा होतो, मऊ पडतो, प्रसंगी आंबून जातो. गोड तेवढा होत नाही.

आता तो तोडला केव्हा जातो ते बघू. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात वाळक्कुळम आहे. तिथल्या अननसाला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या बाजारात हिरव्या आणि पिकलेल्या मालाचे भाव वेगळे निघतात, आणि लांबच्या ट्रकमध्ये चढतो तो प्रामुख्याने हिरवा माल, कारण प्रवास तोच सोसतो. म्हणजे गृहस्थ टिचकी मारतात तेव्हा ते ट्रकचं वेळापत्रक तपासत असतात.

जहांगीर बादशहाने आठवणींत आग्र्याच्या गुलअफशां बागेत दरसाल हजारो अननस होत असल्याचं लिहिलं आहे. बागच घरची; पिकल्यावर तोडा म्हटलं की काम झालं. पानं उपटत बसायची वेळ त्याच्यावर आली नसावी.

रंगावरही जाऊ नये. क्यू जातीचा अननस पिकला तरी बराच हिरवा राहू शकतो, आणि इथेफॉन या रसायनाच्या फवाऱ्याने आंबट अननसाचीही साल पिवळी करता येते. उपयोगी पडतं ते नाक. फळ बुडाकडून पिकत जातं, तेव्हा बूड हुंगावं: गोड वास आला तर घ्यावं, दारूसारखा आला तर ठेवून द्यावं. हातात जड लागणारं बरं. पण चारचौघांत फळाचं बूड हुंगणं शिष्टसंमत नसल्यामुळे ही एकमेव कामाची परीक्षा कोणी घेत नाही. आणि नमुन्याची फोड बुडाकडचीच द्यायची, हे हुशार फळवाल्याला शिकवावं लागत नाही.

घरी आंबट निघाला, तर शिरा आहेच. रव्याइतकी साखर, सढळ तूप, पिवळा रंग, दोन थेंब इसेन्स. अननस आंबट होता हे मग कळत नाही. लग्नाच्या पंगतीत तर तो घातला होता की नाही, हेही कळत नाही.