समासातले विंचीकर

आमच्या वाचनालयात ‘द दा विंची कोड’ची एक प्रत आहे. एकाच बाइंडिंगमध्ये दोन पुस्तकं. एक डॅन ब्राऊनचं, छापील. दुसरं आमच्या वसईच्या वाचकांचं, समासात लिहिलेलं. पहिलं मी दोन रात्रींत संपवलं. दुसरं अजून वाचते आहे, कारण ते अजून लिहिलं जातं आहे.

‘पुस्तकात लिहू नये’ अशी पाटी वाचनालयाच्या भिंतीवर आहे. पण पाटी तिथेच राहते आणि पुस्तक घरी जातं. या प्रतीत निदान चार हात फिरले आहेत. शिसपेन्सिलवाले एक गृहस्थ आहेत. अक्षर वळणदार, बहुधा निवृत्त शिक्षक. त्यांचा लाडका शेरा एकच, ‘आधार काय?’ निळं बॉलपेन पानापानावर थक्क होतं. त्याची उद्गारचिन्हं तिनाच्या खाली येत नाहीत. हिरवी शाई या दोघांच्या मध्ये पडते: ‘अहो, कादंबरी आहे ही!’ आणि चौथा तो, जो प्रत्येक वाचनालयाच्या नशिबी असतो. त्याने सुरुवातीलाच खऱ्या सूत्रधाराचं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. त्याचं देव बघून घेईल.

भांडण आतल्या पानावरच, नावापासून सुरू होतं. ‘दा विंची’ हे आडनाव नाही. विंची हे इटलीतल्या टस्कनीमधलं गाव. लिओनार्दो १४५२ साली त्या परिसरात जन्मला, म्हणून तो विंचीचा. कलेचे इतिहासकार त्याला नुसतं लिओनार्दो म्हणतात. ‘दा विंची’ ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. शिसपेन्सिलीने हे नोंदवून ठेवलं आहे. आपल्याला मात्र यात खटकण्यासारखं काही नाही. गावाला ‘कर’ लावला की आपल्याकडे आडनाव तयार. लिओनार्दो इकडे जन्मता तर विंचीकरच झाला असता, आणि त्याचे नातू डोंबिवलीत राहूनही विंचीकरच राहिले असते.

कादंबरी मार्च २००३ मध्ये अमेरिकेत निघाली. त्याआधी ब्राऊनच्या तीन कादंबऱ्या येऊन गेल्या होत्या आणि त्यांना फारसं कुणी विचारलं नव्हतं. चौथीने मात्र छप्पर फाडलं. २००९पर्यंत आठ कोटींच्या आसपास प्रती खपल्या. मराठीतही ती आली. गोष्ट अशी, की पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात रात्री तिथल्या बड्या अधिकाऱ्याचा खून होतो. हार्वर्डचा चिन्हशास्त्राचा प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन आणि मृताची नात सोफी कोडी सोडवत पळत सुटतात. मागे पोलीस आणि एक पांढराफटक खुनी संन्यासी. पळता पळता त्यांना कळतं, की येशूचं मरिया माग्दालेनाशी लग्न झालं होतं, वंश चालला होता, चर्चने ते दडपलं आणि विंचीकरांनी ते चित्रात लपवलं. प्रकरणं आखूड. शेवटी कुणीतरी दार उघडतं आणि आत काय आहे ते आपल्याला सांगत नाही. ‘एवढं एक प्रकरण’ म्हणत मी गॅसपासून दूर बसले आणि माझी फरसबी कढईसकट जळाली. बाकी लेखकाशी माझे मतभेद आहेत. कढईचे गुण मी त्याला पूर्ण देते.

ठिणगी पडते ती गोष्ट सुरू होण्याआधीच्या एका पानावर. त्याचा मथळा ‘तथ्य’. ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ साली स्थापन झालेली खरी संस्था आहे आणि पुस्तकातली कलाकृतींची, वास्तूंची, कागदपत्रांची, गुप्त विधींची वर्णनं अचूक आहेत, असं तिथे छातीठोकपणे म्हटलं आहे. गोष्ट सांगायला बसलेल्या माणसाने आधी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घ्यावी तसं हे झालं. इथे निळं बॉलपेन म्हणतं, ‘म्हणजे हे सगळं खरं आहे!!!’ आणि शिसपेन्सिल म्हणते, ‘आधार काय?’

आधार आहे, पण तो भलतीकडे नेतो. पिएर प्लान्तार नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने १९५६ साली आनमास गावात ही संस्था स्थापन केली. जवळच्या एका डोंगरावरून नाव ठेवलं सायन. संस्थेला तेव्हा कळकळ कशाची, तर परवडणाऱ्या घरांची! ज्या गुप्त संघटनेपायी कोट्यवधी लोकांनी रात्री जागवल्या, ती सुरुवातीला आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या वळणाची होती. धर्मयुद्धांच्या काळातली तिची थोर परंपरा बनावट कागदांवर रचली गेली आणि ते कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले गेले. मुंबईकर वाचकाला यातलं खरं रहस्य चटकन कळेल. सायनला परवडणारं घर मिळतं कुठे?

पुस्तक गाजलं तशी तपासनीसांची फौज निघाली. ओपस देई या कॅथलिक संस्थेत मुळात संन्यासी नसतातच, मग खुनी संन्यासी आला कुठून, असं संस्थेने विचारलं. पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चच्या फरशीवर पितळेची एक पट्टी आहे. कादंबरीत ती प्राचीन मूर्तिपूजकांच्या मंदिराची खूण आहे; प्रत्यक्षात ते अठराव्या शतकातलं खगोलशास्त्रीय साधन. पुस्तक हातात धरून येणारे लोक इतके वाढले, की चर्चने शेवटी तशी पाटीच लावली. लूव्रच्या अंगणातल्या काचेच्या पिरॅमिडला ब्राऊनने ६६६ काचा दिल्या आहेत, सैतानाचा आकडा म्हणून. खऱ्या काचा ६७३. लग्नात पंगतीची पानं मोजणारे काका फ्रान्समध्येही असतात, हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. स्कॉटलंडमधल्या रॉस्लिन चॅपलला मात्र तक्रारीला जागा नव्हती. पंधराव्या शतकातल्या त्या छोट्या देवळाकडे माणसांचा लोंढा वळला आणि डागडुजीला पैसा उभा राहिला. खोट्या गोष्टीने खरं छप्पर शाकारलं.

साहित्यिकांचा राग वेगळ्या जातीचा. सलमान रश्दींच्या मते ही इतकी वाईट कादंबरी, की तिच्यामुळे बाकीच्या वाईट कादंबऱ्यांची बदनामी होते. उम्बेर्तो एको यांनी गुप्त कटांमागे खुळावलेल्या लोकांवर १९८८ सालीच एक जाडजूड कादंबरी लिहिली होती. ते म्हणाले, डॅन ब्राऊन हे माझंच एक पात्र आहे. ही दोन्ही मतं ऐकून माणूस खूप हसतो आणि घरी जाऊन उरलेली साठ पानं संपवतो. आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक हे पुस्तक लोकलमध्ये वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचे. कव्हरवर अग्रलेख आला होता, त्यामुळे अब्रू राखली गेली.

सगळ्यात झकास भांडण लंडनच्या कोर्टात झालं. मायकेल बेजंट आणि रिचर्ड ली यांनी आणखी एका लेखकाबरोबर १९८२ साली येशूच्या वंशाबद्दल एक पुस्तक लिहिलं होतं, इतिहास म्हणून. ब्राऊनने आमचा गाभा चोरला, असा या दोघांनी प्रकाशकावर दावा लावला. ब्राऊनने लपवलंही नव्हतं. त्याच्या टीबिंग या पात्राचं पहिलं नाव ली आणि आडनाव म्हणजे बेजंटच्या रोमन अक्षरांची उलटापालट. पण गंमत बघा. वंशाची हकिकत खरी असेल तर ती कुणाच्या मालकीची नाही, आणि मालकी सांगायची तर ती आपण रचली असं कबूल करायला हवं. २००६ साली ते दावा हरले. न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी निकालपत्रात मध्येच काही अक्षरं तिरपी छापून स्वतःचं एक कोडं लपवलं होतं. आठ कोटी लोकांना झालेली लागण न्यायासनालाही चुकली नाही.

त्याच वर्षी चित्रपट आला आणि भांडण आपल्याकडे पोचलं. मुंबईत निषेध झाले. सेन्सॉरने ‘ए’ प्रमाणपत्र दिलं, तेही सगळं काल्पनिक असल्याची पाटी दाखवण्याच्या अटीवर. तरी गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली. वसईत तेव्हा मासळीबाजारापासून लोकलच्या डब्यापर्यंत हाच विषय होता. तावातावाने बोलणाऱ्यांपैकी पुस्तक कितींनी वाचलंय, हे विचारायची सोय नव्हती. वाचलेल्या माणसाचा आवाज सहसा जरा खाली येतो.

या सगळ्याला हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला थोडाच. कर्णाविषयी वाद निघाला की आपण जे ठासून सांगतो, त्यात व्यास किती आणि शिवाजी सावंत किती? ‘मृत्युंजय’ १९६७ चं. तेव्हापासून मराठी घरातला कर्ण सावंतांच्या आवाजात बोलतो. रमा-माधवाचं नाव काढलं की डोळ्यांपुढे उभे राहतात ते १९६२ च्या ‘स्वामी’तले. रणजित देसाईंनी पहिल्या पानावर शपथ घेतली नव्हती. आपण आपणहूनच विश्वास टाकला. आपल्या बाजूची कादंबरी आपल्याला इतिहास वाटते आणि अंगावर आलेली कादंबरी निव्वळ थाप. हे मी समासात लिहिणार होते, पण हिरव्या शाईने जागा ठेवलेली नाही.

या प्रतीची मुदत संपायला तीन दिवस असताना शेजारच्या मावशींनी ती माझ्याकडून मागून नेली. मावशी रोज सकाळच्या मिस्साला जाणाऱ्या. रोजरी कधी चुकत नाही. मला धास्ती वाटली. तिसऱ्या दिवशी पुस्तक आणायला गेले तर त्या बोंबील साफ करत होत्या.

“कसं वाटलं?” मी दबकत विचारलं.

“पळवतो हो चांगला,” मावशी म्हणाल्या. “पण एक कळलं नाही. माग्दालेनाला मोठं करायचं म्हणून तिचं लग्न कशाला लावायला हवं? कबरीतून उठल्यावर प्रभू पहिल्यांदा तिला भेटला, योहानाच्या शुभवर्तमानात लिहिलंय. बाकीच्यांना जाऊन सांग, म्हणाला. एवढं पुरत नाही का? बाईला मान द्यायचा तर आधी तिला कुणाची तरी बायको करायची, हे आमच्या सासूसारखंच झालं.”

मी चारशेच्या वर पानं वाचली, चार हातांचे शेरे वाचले. हा मुद्दा कुणालाही सुचला नव्हता, मलासुद्धा.

मावशींच्या जेवणाच्या टेबलावर, वसईतल्या कितीतरी घरांत असतं तसं, ‘शेवटचं भोजन’ टांगलेलं आहे. काचेच्या एका कोपऱ्यावर फोडणीचा तवंग धरला आहे. ज्याच्यापायी सगळी जगबुडी झाली ते हेच चित्र. येशूच्या उजव्या हाताला बसलेली कोवळी व्यक्ती योहान की माग्दालेना? मूळ चित्र मिलानच्या मठातल्या जेवणघराच्या भिंतीवरचं, १४९५ ते १४९८ मधलं. लिओनार्दोने कोरड्या भिंतीवर रंग चढवला, त्यामुळे त्याच्या हयातीतच पोपडे सुटू लागले. १६५२ मध्ये कुणीतरी त्यात दार पाडलं आणि येशूची पावलं गेली. १९७८ पासून १९९९ पर्यंत, एकवीस वर्षं त्याची साफसफाई चालली होती.

“चाळीस वर्षं याच्याखाली जेवतोय आम्ही,” मावशी म्हणाल्या. “शेजारी कोण बसलंय ते सगळे बघतात. ताटात काय आहे ते कुणी बघतं का?”

मी घरी येऊन शोधलं. साफसफाईनंतर ताटं उजळली, आणि एका ताटात, असं अभ्यासक म्हणतात, वाम आहे. वर संत्र्याच्या फोडी. मी धावत जाऊन मावशींना सांगितलं.

“माशावर संत्रं?” मावशींनी हातातला बोंबील खाली ठेवला. बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. “लिंबू मिळालं नसेल.”

पुस्तक परत करण्याआधी, आयुष्यात पहिल्यांदाच, मी वाचनालयाच्या पुस्तकात लिहिलं. त्या चित्राच्या प्रकरणात खालच्या कोपऱ्यात तेवढी जागा उरली होती: ‘ताटात वाम आहे. वर संत्र्याच्या फोडी.’

दोन महिन्यांनी प्रत पुन्हा कपाटात दिसली. राहवलं नाही, पान उघडलं. माझ्या ओळीखाली वळणदार अक्षरात, शिसपेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘आधार काय?’