पूर्वलक्षी प्रभावाने

सोलापुरात घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा सूर्याचे बारा वाजायला अजून सव्वीस मिनिटे बाकी असतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर बेतलेली आहे आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेला साडेसहा अंशांहून जरा जास्तच पडते. एका अंशाला चार मिनिटे, असा हा सरळ त्रैराशिकाचा हिशेब. म्हणजे १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ लागू झाली तेव्हापासून प्रत्येक सोलापूरकर स्वतःच्या डोक्यावरच्या सूर्याच्या सव्वीस मिनिटे पुढे राहतो आहे, आणि त्याबद्दल त्याला कोणी भत्ता दिलेला नाही. राज्य शासनाची कार्यालये पावणेदहाला उघडतात. जो कारकून दहा वाजून अकरा मिनिटांनी पान लावत जिना चढतो, तो सूर्याच्या हिशेबाने अगदी ठोक्याला हजर असतो. हजेरीच्या यंत्राला एवढे खगोलशास्त्र शिकवलेले नसते, म्हणून ते त्याला लेटमार्क देते. माझे म्हणणे असे की, उद्या खरोखरच कालयंत्र तयार झाले तर त्यात पहिल्यांदा बसण्याचा मान या माणसाचा आहे. शास्त्रज्ञाचा नाही, इतिहासकाराचा नाही, दंडात बेटकुळ्या फुगवणाऱ्या तरुणाचा तर नाहीच. सोलापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीतला एखादा अव्वल कारकून, ज्याला सगळा जिल्हा भाऊसाहेब म्हणतो, तोच त्या जागेला लायक. हे थट्टेने म्हणत नाही. म्हणजे थोडे थट्टेने म्हणतो, पण पुरावे जोडून म्हणतो.

आजवर ज्यांना कालप्रवासाला पाठवले त्यांची कामगिरी आधी तपासू. एच. जी. वेल्सने १८९५ साली आपल्या नायकाला थेट आठ लाख दोन हजार सातशे एक या सनात धाडले. हा गृहस्थ यंत्र बनवण्याइतका हुशार, पण निघताना बरोबर ना औषध, ना तंबाखू, ना कॅमेरा, ना पुरेशा काडेपेट्या. तिथे अंधारात राक्षसी प्राणी अंगावर येतात तेव्हा त्याला काड्या मोजाव्या लागतात. आपले भाऊसाहेब निवडणुकीच्या कामाला एका रात्रीसाठी सांगोल्याला जातात तरी पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, चादर, टॉवेल, विजेरी आणि डोकेदुखीच्या गोळ्या असतात. कडक भाकरी तर आठ दिवसांत बिघडत नाही, आणि काळ उलटा चालला तर ती ताजी होण्याचीही शक्यता आहे. आपल्याकडचे उदाहरण जयंत नारळीकरांच्या गंगाधरपंतांचे. पानिपतावर मराठे जिंकले होते अशा दुसऱ्याच जगात हे इतिहासाचे प्राध्यापक जाऊन पडतात. ग्रंथालयात बसून पुस्तके चाळतात, इथवर ठीक. पण मग मुंबईच्या आझाद मैदानावर एक सभा चाललेली दिसते, व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी दिसते आणि पंत सरळ जाऊन तिच्यावर बसतात, वर भाषणही सुरू करतात. पुढे श्रोत्यांनी जे केले ते स्वाभाविक होते. भाऊसाहेबांची तीस वर्षांची नोकरी रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहण्यात गेलेली असते. साहेब दौऱ्यावर आहेत, रजेवर आहेत की बदली होऊन गेले आहेत, हे खुर्चीच्या पाठीवरच्या टॉवेलवरून ते ओळखतात. खुर्ची रिकामी का आहे हे न विचारता तिच्यावर बसणाऱ्या माणसाला परक्या काळात सोडणे धोक्याचे आहे.

शिवाय भाऊसाहेबांना कालप्रवास नवा नाही. तो त्यांच्या टेबलावर रोज घडतो. एखाद्याची बढती चुकून राहून गेली असेल तर शासन त्याला मानीव दिनांक देते, म्हणजे हा माणूस अमुक वर्षांपूर्वीच्या अमुक तारखेला वरच्या पदावर चढला होता असे आज ठरते. त्या वर्षांत तो खालच्या टेबलावर बसून चहा पीत होता हे साऱ्या कचेरीने पाहिलेले असते, तरीही. सातव्या वेतन आयोगाचा पगार राज्यातल्या कर्मचाऱ्यांच्या हाती २०१९ साली पडू लागला. तो लागू झाला मात्र १ जानेवारी २०१६ पासून. तीन वर्षे जुन्या पगारात काढलेले संसार एका आदेशाने नव्या पगारातले झाले. आईनस्टाईनचे म्हणणे तपासायला १९७१ साली दोन शास्त्रज्ञांनी अणुघड्याळे विमानात बसवून जगाभोवती फिरवली, त्यासाठी घड्याळांच्या नावाने तिकिटे काढली, आणि हाती लागला एका सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा फरक. मंत्रालयातल्या एका परिपत्रकाने तीन वर्षे मागे जाता येते, तेही जमिनीवर बसून. काळ साठवण्याची कलासुद्धा त्यांच्याकडेच. महसुली अभिलेखाचे वर्ग पाहा: ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ‘ब’चा तीस वर्षे, ‘क’चा दहा, ‘क-१’चा पाच आणि ‘ड’चा एक वर्ष. कुठली घटना अजरामर आणि कुठली पुढच्या वर्षी रद्दीत, याचा निवाडा इतिहासकार शंभर वर्षे भांडून करतात. भाऊसाहेब संचिकेच्या कोपऱ्यात एक अक्षर लिहून मोकळे होतात. त्यांचे महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, आर्थिक वर्ष १ एप्रिलला, घरातले पाडव्याला आणि मुलांच्या शाळेचे जूनमध्ये. ज्याला एकाच वेळी चार वर्षांत राहता येते, त्याला पाचवे काय अवघड?

मुख्य पुरावा मात्र मंगळवेढ्याचा आहे. सोलापूरपासून तासाभराच्या रस्त्यावरचे हे गाव. पंधराव्या शतकात तिथे बिदरच्या बहमनी राज्याचे अधिकारी म्हणून दामाजीपंत होते. दुष्काळ पडला, माणसे मरू लागली, आणि पंतांनी वरची मंजुरी न घेता सरकारी धान्याची कोठारे उघडली. हाताखालच्या माणसाने बिदरला तक्रार केली (कचेरीचा हा भाग सहाशे वर्षांत तसूभरही बदललेला नाही), आणि पंतांना धरून नेण्यासाठी शिपाई आले. पुढची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. पंत वाटेत असतानाच पंढरीचा विठ्ठल विठू महाराच्या रूपात बिदरच्या दरबारात पोचला, धान्याची सगळी किंमत मोजून दिली आणि रसीद घेतली. आता या कथेकडे जरा कारकुनाच्या चष्म्यातून पाहावे. साक्षात परब्रह्म, त्याला काय अशक्य होते? दुष्काळच मागे घेता आला असता. कोठारे पुन्हा भरता आली असती. सुलतानाच्या डोक्यातून ती तक्रार पुसून टाकता आली असती. यातले काहीही न करता विश्वाच्या स्वामीने रक्कम भरणा केली आणि पावती मागून घेतली, कारण झालेली गोष्ट न झालेली करण्यापेक्षा तिचा ताळमेळ बसवणे बरे, हे त्याला कळत होते. आरोपी पोचण्याच्या आधी त्याच्या निर्दोषत्वाचा कागद पोचतो, हा मराठीतला सगळ्यात उत्तम कालप्रवास आहे, आणि त्याचा नायक एक नोकरदार आहे. त्या नोकरदाराला आपण प्रवास करतो आहोत याचा पत्ताही नव्हता, हे तर त्याहून बरे. कुणी म्हणेल, ही भक्तीची कथा आहे, तिचा कचेरीशी काय संबंध? संबंध असा की इतर देशांत देव तलवारी देतात, रथ देतात, समुद्र दुभंगतात. रसीद घेणारा देव शोधायला सोलापूर जिल्ह्यातच यावे लागते.

कारकून तर पुण्यातही आहेत, मुंबईत तर मोजता येणार नाहीत इतके, मग सोलापूरचाच का, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर भाषेत आहे. पुण्याचा माणूस कालयंत्रातून कुठेही उतरला तरी समोरच्याचे मराठी सुधारत बसेल. सोलापूरच्या बाराव्या शतकात उतरलात तर सिद्धरामेश्वर तळे खोदवत असतील आणि वचने कन्नडात रचत असतील. पंधराव्या-सोळाव्या शतकात दखनी लागेल. गिरण्या निघाल्यानंतरच्या काळात पद्मशाली विणकरांच्या पेठेत तेलुगूवाचून भाव करता येणार नाही. सोलापूरचा भाऊसाहेब मंगळवार बाजारात भाजी घेतानाच या सगळ्या भाषांतून फिरून येतो आणि एकाच वाक्यात तिघांना टाळतो. बाराव्या शतकात गेल्यावर तो तळ्याच्या काठी उभा राहून फक्त एवढेच विचारील की हजेरीपट कुठे आहे; सगळे श्रमदान आहे असे कळल्यावर लेखापरीक्षणात हे कसे बसवायचे या विचाराने घामाघूम होईल, पण कुणाच्या अध्यात मध्यात पडणार नाही. माचणूरलाही तेच. तिथे भीमेकाठी ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे पडून होती. काबूलपासून दख्खनपर्यंतच्या पातशाहीचे दप्तर मंगळवेढा तालुक्यातून चालत होते. इतिहासाचा प्राध्यापक तिथे गेला तर पातशहाचा तंबू शोधत भालदारांच्या हाती सापडेल. भाऊसाहेब मागच्या बाजूने, जिथे पाठ वाकवून माणसे लिहीत बसली आहेत त्या तंबूत शिरेल आणि दखनीत विचारील, पगार वेळेवर होतो का? त्या छावणीत पगार थकलेले असत. संध्याकाळपर्यंत त्याला औरंगजेबाच्या मोहिमेबद्दल जे कळेल ते कुठल्याच बखरीत नसेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. साहसाला धडाडी लागते आणि कारकून तर काम लांबवणारा प्राणी. मी उलट म्हणतो की, भूतकाळात लांबवण्याइतके उपयोगाचे शस्त्र दुसरे नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. कुठलाही साहसी नायक पिस्तूल घेऊन तुरुंगाच्या भिंतीकडे धावेल आणि पाचवा म्हणून नोंदला जाईल. भाऊसाहेब मुंबई इलाख्याच्या सचिवालयात त्या कागदाच्या वाटेवर एक टेबल गाठतील आणि शेरा मारतील की, सोबतचे सहपत्र दिसून येत नाही, सबब परत. कागद पुण्याला जाईल, पुण्याहून सोलापूरला, सोलापूरहून चुकीच्या शाखेत. ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला. तोवर कागद फिरत राहिला असता तर प्रश्न निदान पुन्हा विचारता आला असता. करारानंतरही भगतसिंगांची फाशी टळली नाही हे ठाऊक आहे, म्हणून हमी देत नाही. पण दोन महिने म्हणजे भाऊसाहेबांच्या हाताखाली फार नव्हेत. आणि शास्त्रज्ञांना छळणारा तो प्रसिद्ध पेच, की मागे जाऊन स्वतःच्या आजोबांना लग्नाआधीच मारले तर काय होईल? हा पेच परदेशी माणसालाच पडू शकतो. आजोबांच्या नावावर मोहोळकडे बारा एकर आहे. ते अविवाहित गेले तर वारस म्हणून चुलत आजोबांचे नाव लागेल, फेरफार मंजूर होईल आणि जमीन त्या घरात जाईल. जमिनीचा सातबारा पाहिलेला माणूस आजोबांच्या केसालाही धक्का लावणार नाही. उलट त्यांना सायकलीवरून पडू देणार नाही.

यावर विज्ञानवादी स्टीफन हॉकिंगची मेजवानी पुढे करतात. २८ जून २००९ रोजी त्यांनी केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली, पेये मांडली, फलक लावला, आणि आमंत्रणे मात्र मेजवानी झाल्यावर जाहीर केली, म्हणजे भविष्यातल्या लोकांनीच यावे. कोणीही आले नाही. यावरून कालप्रवास शक्य नाही असा त्यांनी निष्कर्ष काढला, तो घाईचा आहे. समजा, आमंत्रण एखाद्या कचेरीत पोचले. आवक नोंदवहीत चढले. अव्वल कारकुनाने वाचले. त्याने पहिल्यांदा तारीख पाहिली आणि समासात लिहिले, ‘कार्यक्रमाचा दिनांक उलटून गेला असल्याने दप्तरी दाखल.’ समजा, जायचे ठरलेही असते, तरी प्रवासभत्त्याचा प्रश्न होता. मुख्यालयापासून माणूस किती तास दूर राहिला यावर दैनिक भत्ता ठरतो, आणि कालयंत्राने गेलेला माणूस निघाल्याच्याच क्षणी परत येतो. शून्य तासांचा भत्ता घ्यायला केंब्रिजला कोण जाईल? मेजवानीच्या त्या रिकाम्या खोलीवरून एवढेच सिद्ध होते की कालप्रवासी असतील तर ते कारकून असतील.

आता राहिली भीती अशी की हा माणूस नोंदींत ढवळाढवळ करील, स्वतःपुरता काही फायदा उपटून येईल. ती निराधार आहे, आणि त्याचे कारण १ जून आहे. महाराष्ट्रात एका पिढीतल्या कितीतरी जणांचा जन्म १ जूनला झाला, कारण शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही आणि गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या बेताने एक लिहून टाकली. पुढे ती सेवापुस्तकात चढली, आणि नोकरीला लागल्यावर पाच वर्षांनी जन्मतारीख बदलून मागता येत नाही असा नियम आहे. समजा, भाऊसाहेब कालयंत्रात बसून आपल्याच जन्माच्या दिवशी गावी उतरले. दिवाळीची पणती जळते आहे, आत सुईण आहे, बाहेर वडील तंबाखू मळत फेऱ्या मारत आहेत. आतून बाळाचे रडणे ऐकू येते. भाऊसाहेबांना सेवापुस्तक पाठ आहे. ते घड्याळ बघतील, वडिलांना म्हणतील, ‘अजून सात महिने आहेत, बसा निवांत,’ आणि ओसरीवर चादर अंथरतील.